निजलेला स्नायू

जांबे येथील माझ्या भाच्याच्या गुडघ्यातील तुटलेल्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली. सहा आठवड्यांत जखम भरली; तरी दुकानाची पायरी उतरताना पाय दगा देई. "मामा, शस्त्रक्रिया फसली का?" त्याचा स्वर कापत होता.

डॉक्टरांनी तपासून नवे लिगामेंट पक्के असल्याचे सांगितले. दोष होता मांडीच्या पुढील स्नायूचा. सुजलेल्या सांध्याकडून मज्जारज्जूकडे जाणारे संदेश त्या स्नायूला आवरून धरतात. तो शाबूत असूनही त्याला पुरती आज्ञा पोहोचत नाही. फिजिओथेरपिस्टने मांडीवर कंपनयंत्र धरून पाय ताठ करावयास सांगितले. कंपनाने स्नायूतील ताण ओळखणारे सूक्ष्म तंतू चेततात व त्याला जाग येण्यास साहाय्य होते.

मात्र कंपन हे व्यायामाला पूरक आहे, पर्याय नव्हे. घरगुती मसाजयंत्र आपल्या मनाने चालवू नये. पोटरी सुजून दुखत असल्यास रक्ताच्या गुठळीची शंका घेऊन आधी डॉक्टर गाठावा.

"दुकानात उभा केव्हा राहू?" भाच्याची घाई. क्रिकेटपटू ऋषभ पंत डिसेंबर २०२२ मध्ये अपघातात जखमी झाले. मुंबईत गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया होऊन ते मार्च २०२४ मध्ये सामन्यांत परतले, हे मी त्याला सांगितले. मुदतीपूर्वी मोडलेल्या ठेवीत थोडे व्याज जाते. मुदतीपूर्वी धावलेल्या गुडघ्यात मुद्दलच जाते. भाच्याने आता मुदत मान्य केली आहे.