योगशिक्षकाची पात्रता जाहिरातीआधी ठरवा, कोर्टात नको!



पोस्ट मोठी आहे. पण काशीगाव, पेणकरपाडा, महाजनवाडी, मीरागाव इकडे ज्यांच्या घरात योग शिकवणारी एखादी ताई, वहिनी किंवा काका आहेत, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी. सरकारी जागेसाठी अर्ज भरायच्या आधी वाचली तर जास्त बरं.

प्रश्न साधा आहे. पालिका, आरोग्य विभाग किंवा सरकारी शाळा जेव्हा योगशिक्षक नेमते, तेव्हा "पात्र योगशिक्षक" म्हणजे नक्की कोण?

फार्मासिस्टच्या बाबतीत हा प्रश्न पडत नाही. १९४८ चा फार्मसी कायदा आहे, कौन्सिल आहे, नोंदणी क्रमांक आहे. नंबर दाखवला की विषय संपला. नर्सचंही तसंच. योगशिक्षकाला असा नंबर देणारी, कायद्याने बनलेली कौन्सिल देशपातळीवर नाहीच. २०२० मध्ये भारतीय चिकित्सा पद्धतींसाठी राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा झाला. त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा आले. योग आणि निसर्गोपचारालाही आत घ्या, असं संसदेच्या स्थायी समितीने सुचवलं होतं. तरी ते बाहेरच राहिले.

म्हणजे २१ जूनला मैदानात चटया टाकून फोटो काढायला योग आपला राष्ट्रीय अभिमान. पण तो शिकवणारा माणूस पात्र की अपात्र, हे ज्या त्या जाहिरातीतल्या एका ओळीवर.

आणि ती ओळ बहुतेक वेळा कशी असते? "मान्यताप्राप्त संस्थेचे योग प्रमाणपत्र." केंद्रीय विद्यालयांच्या कंत्राटी योगशिक्षकांच्या जाहिरातीतही वर्षानुवर्षं साधारण अशीच अट दिसते: कुठल्याही विषयाची पदवी आणि मान्यताप्राप्त संस्थेतून एक वर्षाचं योग प्रशिक्षण. वाचताना सोपं वाटतं. पण मान्यता कोणाची? विद्यापीठाची, राज्य सरकारची, आयुष मंत्रालयाची, की धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असली तरी चालेल? सगळी भांडणं इथून सुरू होतात.

आता आपल्या लोकांकडे कागद कोणकोणते असतात ते बघा.

१) विद्यापीठाची पदवी किंवा पदविका. रामटेकच्या कवी कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठासारख्या ठिकाणी योगाचं शिक्षण मिळतं. यूजीसीने तर २०१७ पासून नेट परीक्षेत योग हा स्वतंत्र विषय केलाय.

२) जुन्या संस्थांचं प्रमाणपत्र. सांताक्रूझची द योगा इन्स्टिट्यूट १९१८ ची. लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये काढलं. ठाण्याचं घंटाळी मित्र मंडळ तर आपल्याला घोडबंदर रोडने गेलं की जवळच.

३) आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाचं, म्हणजे ज्याला सगळे "वायसीबी" म्हणतात ते प्रमाणपत्र. याची सुरुवात २०१५ मध्ये क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या योजनेतून झाली, २०१८ मध्ये बोर्ड आलं. योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, वेलनेस इन्स्ट्रक्टर, टीचर अँड इव्हॅल्युएटर, मास्टर अशा पायऱ्या आहेत. लेखी परीक्षा आणि प्रात्यक्षिक दोन्ही द्यावं लागतं.

४) कौशल्य विकास योजनेतलं सर्टिफिकेट.

५) आणि शेवटी असे लोक, ज्यांच्याकडे गुरूच्या सहीचा एक कागद आणि पंधरा-वीस वर्षांचा अनुभव आहे. गार्डनमध्ये, सोसायटीच्या गच्चीवर, मंदिराच्या हॉलमध्ये सकाळी सहाला जे वर्ग चालतात, त्यातले कितीतरी हेच लोक चालवतात.

या पाचांपैकी कोण आत आणि कोण बाहेर? तिसऱ्या कागदाची गंमत अशी की ही योजना सुरू झाली ती ऐच्छिक म्हणून. ज्याला हवं त्याने परीक्षा द्यावी. पण भरतीच्या जाहिरातीत "वायसीबी आवश्यक" असे दोन शब्द पडले की ऐच्छिक गोष्ट सक्तीची होते. मग एम.ए. योग केलेली मुलगी म्हणते, मी दोन वर्षं विद्यापीठात शिकले, मला का वगळलं? उलट, अट फक्त विद्यापीठाच्या पदवीची असली तर वायसीबीची वरची पायरी पास झालेला माणूस विचारतो, सरकारचंच प्रमाणपत्र सरकारलाच का चालत नाही?

दोघांचंही म्हणणं बरोबर वाटतं ना? म्हणूनच लोक कोर्टात जातात. आणि इथेच बऱ्याच जणांचा गैरसमज आहे की कोर्ट "न्याय बघेल, अनुभव बघेल". कोर्ट या बाबतीत काय म्हणतं ते नीट समजून घ्या.

पहिलं. महाराष्ट्रातलंच प्रकरण. एमपीएससी विरुद्ध संदीप वराडे, सर्वोच्च न्यायालय, ३ मे २०१९. औषध निरीक्षकांच्या भरतीचा वाद होता. न्यायालयाने स्पष्ट केलं की पदासाठी कोणती पात्रता लागते हे नेमणूक करणारा ठरवणार. जाहिरातीत जे "प्राधान्य" म्हणून लिहिलंय, त्याला कोर्ट "आवश्यक अटी"च्या बरोबरीला नेऊन बसवणार नाही. जाहिरात संदिग्ध असेल, तर प्रकरण परत त्याच अधिकाऱ्यांकडे जाईल. म्हणजे दोन-चार वर्षं भांडून पुन्हा त्याच टेबलापाशी.

दुसरं. ५ डिसेंबर २०१८ चा जम्मू-काश्मीरचा निकाल. जागा तंत्रज्ञाची, अट आयटीआयची, अर्ज केले डिप्लोमावाल्यांनी. त्यांचं म्हणणं, आमचं शिक्षण जास्त आहे. न्यायालय म्हणालं, वरच्या शिक्षणात खालचं आपोआप धरायचं की नाही हे नियमांवर अवलंबून आहे. नियमात नसेल तर नाही. आता हे योगाला लावून बघा. जाहिरातीत वायसीबी लिहिलं असेल आणि "किंवा समकक्ष" लिहिलं नसेल, तर एम.ए.चा कागद घेऊन वकिलाकडे जाण्यात फार अर्थ नाही.

तिसरं. शेवटच्या तारखेचा नियम. अर्जाच्या शेवटच्या दिवशी पात्रता हातात हवी. "परीक्षा दिलीय, निकाल पुढच्या महिन्यात" हे चालत नाही. अशोक कुमार शर्मा प्रकरणात १९९७ मध्ये हे पक्कं झालंय. सर्टिफिकेट यायला उशीर झाला म्हणून संधी गेली, अशी माणसं प्रत्येक भरतीत भेटतात.

चौथं, जरा दिलासा देणारं. ७ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की भरती सुरू झाल्यावर मध्येच पात्रतेच्या अटी बदलता येत नाहीत. नियमात किंवा जाहिरातीतच तशी मुभा असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे कागदपत्र पडताळणीच्या दिवशी टेबलामागून कोणी म्हणालं, "आम्हाला फक्त अमुक सर्टिफिकेट चालतं", आणि जाहिरातीत ते नसेल, तर शांतपणे लेखी मागा.

आणि अनुभवाचं काय? भगवती प्रसाद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच म्हटलं होतं की शैक्षणिक अट नोकरीत शिरताना बघायची असते. एकदा माणसाला घेतलं, काही वर्षं त्याच्याकडून काम करून घेतलं, तर मग "तुझ्याकडे कागद नव्हता" म्हणून त्याला कायम करायचं नाकारणं बरोबर नाही. डिसेंबर २०२४ च्या जग्गो प्रकरणातही वर्षानुवर्षं हंगामी म्हणून राबवून घेतलेल्या सफाई कामगार आणि माळीकाम करणाऱ्यांना न्यायालयाने कायम करायला लावलं. पण लक्षात घ्या, हा आधार आत असलेल्यांना. दाराबाहेर उभ्या असलेल्याला नाही.

शिवाय कोर्टात जायचं म्हणजे नक्की कुठे? राज्य सरकारची जागा असेल तर मॅट. केंद्रीय विद्यालय असेल तर कॅट. महापालिका असेल तर हायकोर्ट. ठेकेदारामार्फत नेमलं असेल तर गोष्ट कामगार न्यायालयाकडे वळते आणि पालिका सरळ हात वर करते, "ते आमचे नाहीत". काशीमीऱ्याहून स्टेशन गाठायचं, लोकलने चर्चगेट, वकिलाची फी, तारखा. हे सगळं कशासाठी, तेही बघू.

आयुषच्या आरोग्य केंद्रांसाठी अनेक राज्यांत निघालेल्या जाहिराती बघा. अर्धवेळ पुरुष योगशिक्षकाला महिन्याला ३२ सत्रांचे ८००० रुपये. महिला योगशिक्षिकेला २० सत्रांचे ५००० रुपये. हिशोब केला तर दोघांना सत्राला २५० रुपयेच. पण बाईला सत्रंच कमी, म्हणून महिन्याचा पगार कमी. ना पीएफ, ना सुट्टी, ना पुढच्या वर्षीची खात्री. पाच हजारांच्या कामासाठी पदवी मागायची, वर सर्टिफिकेट मागायचं, त्याची फी तिनेच भरायची आणि शेवटी "मान्यताप्राप्त नाही" म्हणून परत पाठवायचं. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी हिशोब घालून सांगितलं, परीक्षेची फी आणि क्लासचे पैसे सुटायलाच कित्येक महिने लागतील. कोर्टाचं तर त्या नावही काढत नाहीत.

आता काही जण म्हणतील, मग पात्रताच नको का? अनुभव असला की झालं? मी त्या बाजूचा अजिबात नाही. वीस वर्षांचा अनुभव म्हणजे वीस वर्षं एकच चूक, असंही होऊ शकतं. बीपीच्या माणसाला शीर्षासन करायला लावणारे, मणक्याची गादी सरकलेल्याला पुढे वाकवणारे, गरोदर बाईला पोटावर झोपवणारे लोक आहेत. आपल्या सरकारी केंद्रात येणारा माणूस हा महागड्या स्टुडिओत जाणारा नसतो. तो गुडघे दुखतात, शुगर आहे, म्हणून येतो. त्याच्यासमोर उभं राहणाऱ्याला शरीररचना समजलीच पाहिजे. पात्रता हवीच. ती आधी ठरलेली, सगळ्यांना कळेल अशी आणि मिळवता येईल अशी हवी, एवढंच म्हणणं आहे.

ज्या राज्यात सांताक्रूझ आणि लोणावळ्यात शंभर वर्षांपासून पद्धतशीर योगशिक्षण चालू आहे, त्या राज्याला समकक्षतेची एक यादी करायला अवघड काय आहे?

म्हणून आपल्या मीरा-भाईंदर महापालिकेकडे आणि राज्याच्या आयुष विभागाकडे माझ्या या मागण्या:

🔹 जाहिरातीत "मान्यताप्राप्त संस्था" एवढंच लिहू नका. कोणाची मान्यता ते लिहा आणि चालणाऱ्या संस्था-अभ्यासक्रमांची यादी सोबत जोडा.

🔹 पदवी, वायसीबीच्या पायऱ्या आणि जुन्या संस्थांच्या पदविका यांची समकक्षता भरतीच्या आधी ठरवून जाहीर करा.

🔹 "आवश्यक" आणि "प्राधान्य" हे दोन रकाने वेगळे ठेवा.

🔹 अनुभवी पण कागद नसलेल्यांसाठी प्रात्यक्षिक चाचणी घ्या. पास झाले तर ठरावीक मुदतीत प्रमाणपत्र मिळवायची सवलत द्या. ही सवलत जाहिरातीतच छापा, म्हणजे उद्या कोणी आव्हान दिलं तरी टिकेल.

🔹 आधीपासून काम करणाऱ्यांना नव्या अटीच्या नावाखाली काढू नका. त्यांच्या परीक्षेची फी पालिकेने भरावी.

🔹 महिलांना सत्रं कमी देण्याची पद्धत आपल्या शहरात तरी नको. आपल्याकडच्या वर्गांना बायकाच जास्त येतात, हे कोणीही सकाळी जाऊन बघावं.

यातल्या कुठल्याच गोष्टीला नवा कायदा लागत नाही. जाहिरात काढणाऱ्या टेबलावर अर्धा दिवस जास्त घालवावा लागेल.

तोवर योग शिकवणाऱ्या ताई-दादांनी काय करावं? जाहिरात आली की तिचा पीडीएफ जपून ठेवा. पात्रतेची ओळ कळली नाही तर शेवटच्या तारखेआधीच लेखी विचारा आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार आहेच. हरकतीची मुदत सोडू नका. अपात्र ठरवलं तर कारण लेखी मागा, तोंडी ऐकून घरी येऊ नका.

आणि आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना भेटलात की हा प्रश्न नक्की विचारा. २१ जूनच्या बॅनरवर फोटो त्यांचाही असतो.

तुमच्या ओळखीत कोणाला अशा अटीमुळे संधी गमवावी लागली असेल तर कमेंटमध्ये लिहा, नाव नको असेल तर मेसेज करा. चार-पाच जणांचे कागद जमले की आपण एकत्र निवेदन देऊ. पटलं तर पुढे पाठवा.