जुनी बुलेट, नवी बुलेट आणि दरेकसाची वाट (थ्रेड)

'जुनी बुलेट ती जुनीच, नव्या गाडीत ती गोष्ट नाही.' हे विधान मराठी मुलखात इतक्या खात्रीने केले जाते की 'ती गोष्ट' म्हणजे नेमकी कोणती, हे विचारण्याचे कुणाला सुचत नाही. या थ्रेडमध्ये तोच प्रश्न इतिहासाचा प्रश्न म्हणून हाती घेतला आहे.

मत आरंभीच नोंदवलेले बरे. दूरच्या प्रवासाचे वाहन म्हणून नवी बुलेट जुनीपेक्षा सरस आहे. जुनीबरोबर जे गेले ते मोलाचे होते, पण ते तिच्या पोलादात शोधणे व्यर्थ आहे. ते मिस्त्रीच्या पेटीत होते.

दोन काळांतल्या यंत्रांची तुलना करायची तर आधी रस्ता ठरवावा लागतो. गुळगुळीत महामार्गावर सगळीच वाहने गुणी भासतात. म्हणून येथे रस्ता घेतला आहे तो गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा: आमगाव, सालेकसा आणि पुढे दरेकसा. धानाच्या बांध्या मागे पडतात, जंगल जवळ येते आणि भूमी डोंगराकडे चढू लागते. हाजरा फॉलसाठी पावसाळ्यात तरुणांच्या मोटरसायकली याच वाटेने येतात. माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहांच्या यात्रेसाठी विदर्भ, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातून गोंड समाजाचे हजारो भाविक याच परिसरात उतरतात. ओला उतार, वळणावर अकस्मात आडवे येणारे रानडुक्कर, आणि गाडी बंद पडल्यास शहर दूर: प्रवासी मोटरसायकलीची परीक्षा घ्यायला एवढी सामग्री पुरेशी आहे.

दरेकसाला आणखी एक कारण आहे. मुंबई–हावडा लोहमार्ग येथूनच घाट ओलांडून बोरतलावकडे, म्हणजे छत्तीसगडात उतरतो. या भागातली पहिली आगगाडी मीटरगेजची होती. 1880 च्या दशकाच्या आरंभी नागपूर–छत्तीसगड रेल्वे राजनांदगावपर्यंत पोहोचली. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन तिचे ब्रॉडगेज केले. 'जुन्या मीटरगेजची मजा नव्या रुळांत नाही' असे आज कुणीही म्हणत नाही, कारण तीत बसलेला माणूस हयात नाही. हळहळ ही बहुधा एका हयातीपुरतीच असते. वडिलांची बुलेट अजून त्या हयातीत आहे.

आता दोन गाड्या निश्चित करू. 'जुनी' म्हणजे बिडाच्या सिलिंडरची 350, जिचे उत्पादन मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूर येथे पन्नासच्या दशकात सुरू झाले आणि 2010 च्या सुमारास थांबले. 'नवी' म्हणजे सप्टेंबर 2023 मध्ये बाजारात आलेली, 'जे' मालिकेच्या इंजिनाची बुलेट 350. मधल्या काळातले एकसंध आवरणाचे इंजिन हा दोहोंमधला पूल होता. त्याकडे येथे वळायचे कारण नाही.

जुनीचा जन्म इंग्लंडमधल्या रेडिच गावचा. 'बुलेट' हे नाव 1932 पासूनचे. मात्र भारताला परिचित असलेली, मागच्या चाकाला हलता दांडा आणि स्प्रिंगचा आधार असलेली रचना 1949 ची. सीमेवरच्या गस्तीसाठी भारतीय लष्कराने ती पसंत केली, 1955 मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीतून 'एनफिल्ड इंडिया' उभी राहिली, आणि प्रथम सुटे भाग आणून जोडणी व नंतर संपूर्ण निर्मिती असा प्रवास झाला. रेडिचचा कारखाना 1967 मध्ये बंद पडला. इंग्लंडमधले उत्पादन 1970 मध्ये संपले. तिरुवोट्टियूर मात्र चालूच राहिले, आणि 1977 पासून बुलेट मद्रासहून इंग्लंडला निर्यात होऊ लागली. वसाहतीच्या इतिहासात असे उलटे जहाज क्वचितच सापडते.

(ओघात एक दुरुस्ती. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या गाडीला 'रॉयल एनफिल्ड' म्हणणे हा कालविपर्यास आहे. त्या काळातल्या टाकीवर केवळ 'एनफिल्ड' असे. 'रॉयल' हे बिरुद नव्वदच्या दशकात, आयशर कंपनीच्या ताब्यानंतर परतले.)

ही गाडी अर्धशतक जवळजवळ तशीच राहिली. याचा अर्थ 'ती इतकी परिपूर्ण होती की बदलाची आवश्यकताच नव्हती' असा लावला जातो. हा अर्थ पुराव्यावर टिकत नाही. 1951 च्या औद्योगिक विकास व नियमन कायद्याने कारखाना काढणे, वाढवणे आणि नवे उत्पादन घेणे हे सारे परवान्याच्या अधीन केले. आयात दुष्कर होती. तिरुवोट्टियूरची एनफिल्ड, म्हैसूरची जावा आणि तिचीच पुढची येझदी, फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सची राजदूत, एवढ्या मोजक्या नावांभोवती मोटरसायकलींचा बाजार फिरत होता. महाराष्ट्रात आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव लागत असे. जे तयार होईल ते खपत असताना कारखान्याने नवा साचा का ओतावा?

1984 ते 86 या तीन वर्षांत जपानी सहकार्याच्या 100 सीसी गाड्या आल्या आणि हे चित्र पालटले. पुढच्या पंधरा वर्षांत बुलेटची अवस्था इतकी खालावली की 2000 च्या सुमारास आयशरमध्ये हा व्यवसाय गुंडाळण्याचा विचार गंभीरपणे झाला. आज जिच्या आठवणीने कंठ दाटतो ती गाडी, ती नवी मिळत होती तेव्हा फारसे कुणी घेत नव्हते. स्मरणरंजनाच्या अभ्यासकाने ही एक नोंद उशाशी ठेवावी.

आता आकडे. जुन्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास 70 मिमी आणि दट्ट्याची धाव 90 मिमी, म्हणजे 346 सीसी. नव्याचे अनुक्रमे 72 आणि 85.8, म्हणजे 349 सीसी. जुने सुमारे 18 अश्वशक्ती देई, नवे 20.2 देते. पण जुनी गाडी साधारण 165 किलोची, तर नवी 195 किलोची. भागाकार केला तर दर किलोमागे मिळणारी शक्ती नव्या गाडीत किंचित कमीच भरते! 'नवी म्हणजे ताकदवान' हे जाहिरातीचे गृहीतकही, तेव्हा, तपासूनच घ्यावे लागते.

मग सुधारणा झाली कोठे? जुन्या गाडीत इंजिन, क्लचची पेटी आणि गिअरबॉक्स वेगवेगळे, एकमेकांना जोडलेले. जितके सांधे तितक्या तेल झिरपण्याच्या जागा. बुलेट उभी होती तेथे जमिनीवर तेलाचा डाग असायचाच. संपीडनाचे प्रमाण साडेसहाच्या आसपास, त्यामुळे त्या काळच्या कमी प्रतीच्या पेट्रोलवरही ती निमूट चाले. पण ताशी ऐंशीच्या पुढे तासन्‌तास पिटाळली तर कनेक्टिंग रॉडच्या टोकाचा बुश आणि तापलेले तेल दोन्ही तक्रार करू लागत. नव्या इंजिनात संपीडन 9.5 आहे, कंपने शोषणारा समतोल दांडा आहे आणि सारे एकाच आवरणात बंदिस्त आहे. गोंदियाहून दरेकसापर्यंत हा फरक फारसा जाणवणार नाही. नागपूरहून निघून दिवसभरात दरेकसा गाठणाऱ्याला तो सायंकाळी मनगटांत आणि पाठीत जाणवेल.

'धक्-धक्' आवाजाचेही गणित आहे. जुने इंजिन जड फ्लायव्हीलच्या जोरावर मिनिटाला सहाशे फेऱ्यांवरही तग धरी. सहाशे म्हणजे सेकंदाला दहा. चार-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो, म्हणजे सेकंदाला पाच ठोके. पाच ठोके कानाला सुटे ऐकू येतात, वेग वाढला की त्यांची घरघर होते. नवे इंजिन निवांत उभे असतानाही याहून अधिक वेगाने फिरते. ज्याला 'आत्मा' म्हटले जाते त्याचा बराचसा भाग या पाच ठोक्यांत सामावलेला आहे. आवाज सुंदर होता हे मान्य करायला काहीच हरकत नाही, मात्र सौंदर्य ही क्षमता नव्हे.

थांबण्याविषयी तर वादालाही जागा नाही. जुन्या बुलेटच्या दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक, तोही मागचा डाव्या पायाखाली, कारण गिअर उजवीकडे: पहिला वर, उरलेले तीन खाली. नव्या गाडीला पुढे 300 मिमीची डिस्क आणि एबीएस आहे. 125 सीसीवरील दुचाक्यांना एबीएस सक्तीचे झाले ते एप्रिल 2018 पासून नव्या मॉडेलना आणि एप्रिल 2019 पासून सर्वांना. श्रावणातल्या ओल्या उतारावर, पालापाचोळा साचलेल्या वळणाला, समोर जनावर आले असता चाक न घसरता गाडी थांबणे याची भरपाई कोणत्याही वारशाने होत नाही. जुनीचा महिमा गाणाऱ्यांच्या कथांत पडण्याचे प्रसंग विनोदी असतात. ज्यांचे प्रसंग विनोदी ठरले नाहीत त्यांच्या कथा सांगायला कुणी उरलेले नाही.

किकविषयीही थोडे कठोर बोलणे भाग आहे. जुनी बुलेट सुरू करणे हा विधीच होता: किक हळूहळू दाबत अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आणायचा, डिकॉम्प्रेसरचा खटका दाबून दट्ट्या किंचित पुढे सरकवायचा, आणि मग संपूर्ण भार देऊन किक. चुकले तर ती उलटी बसे. पोटरी आणि घोटा गमावल्याच्या गोष्टी कौतुकाने सांगितल्या जातात. या कौतुकात एक द्वारपाल दडला होता. हलक्या अंगाची माणसे, गुडघ्याने अधू झालेले, आणि 'हे बायकांचे काम नव्हे' असे बजावले गेलेल्या असंख्य स्त्रिया दाराबाहेर राहिल्या. बटणाने ते दार उघडले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने 'जुने दिवस' म्हणताना ते दिवस कुणाचे होते, हेही विचारावे.

येथवर निकाल एकतर्फी आहे. पण दरेकसाच्या अलीकडे जंगलात गाडी बंद पडली असे समजा.

जुनी बंद पडली तर संशयित मोजके: प्लग, कॉन्टॅक्ट पॉइंट, कार्ब्युरेटरच्या जेटमधला कचरा, तुटलेली केबल. पॉइंटमधली फट ब्लेडच्या पात्याने बेतता येई. क्लचची जादा केबल जुन्या केबललाच बांधून ठेवण्याची रीत होती. हे ज्ञान कोणत्याही महाविद्यालयाने दिले नाही. ते हाताखालच्या पोऱ्याकडून मिस्त्रीकडे आणि मिस्त्रीकडून गिऱ्हाईकाकडे गेले. राजदूत उघडणारा हातच बुलेटही उघडी. मोटरसायकल खेडोपाडी टिकली ती या फिरत्या विद्यापीठामुळे, आणि या विद्यापीठाचा लिखित इतिहास जवळपास नाही. कारखान्यांचे अहवाल जपले गेले, मिस्त्रींच्या वह्या रद्दीत गेल्या.

नवी बंद पडणार क्वचित, हे खरे. पण पडली तर? जे मालिकेच्या बुलेटला किकच नाही. बॅटरी पुरती उतरली तर ढकलूनही भरवसा नाही, कारण पेट्रोल पंप आणि फ्युएल इंजेक्शन यांनाच वीज लागते. सेन्सरचा बिघाड ओळखायचा तर निदानाचे यंत्र हवे, आणि ते अधिकृत सेवा केंद्रात. पंक्चर मात्र अजूनही रस्त्याकाठचा माणूस काढू शकतो, कारण तारांच्या चाकात ट्यूब शिल्लक आहे. मिस्त्रीच्या हाती उरलेली ती बहुधा शेवटची जागा.

हा बदल दुष्ट हेतूने झाला असे म्हणणे अन्याय्य ठरेल. एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानके लागू झाली, त्यांपुढे जुना कार्ब्युरेटर टिकणे शक्य नव्हते, आणि स्वच्छ धूर ही दरेकसाच्या जंगलाचीही गरज आहे. इंजेक्शन आवश्यक होते. त्याच्या दुरुस्तीची माहिती कुलूपबंद असणे मात्र आवश्यक नव्हते. ही दोन विधाने वेगळी ठेवली की वाद जुनी विरुद्ध नवी असा उरत नाही, तो मालक आणि कंपनी यांच्यातल्या अधिकारांचा होतो.

युरोपीय संघाने दुचाकी-तिचाकी वाहनांविषयीच्या 2013 च्या 168 क्रमांकाच्या नियमावलीत स्वतंत्र कारागिरांना दुरुस्तीची माहिती मिळण्याची तरतूद केली. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये 'दुरुस्तीच्या अधिकारा'साठी समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांत वाहनेही आहेत, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू झाले. पोर्टल ही सूचना झाली, सक्ती नव्हे. बिडाच्या इंजिनासाठी अश्रू ढाळणाऱ्या हजारो बुलेटप्रेमींनी हीच ऊर्जा दोन मागण्यांमागे लावावी: दुरुस्तीची पुस्तिका मराठीत, आणि निदानाचे यंत्र आमगाव-सालेकसाच्या मिस्त्रीला परवडेल अशा दरात, कोणत्याही परवान्याविना.