पटकथा आणि पाटल्या

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं एक लहानसें वादळ उठलें. धाकट्या पुतण्यास चित्रपटांच्या पटकथा लिहिण्याचें वेड आहे. मोबाइलवर चालणाऱ्या एका वर्गाची जाहिरात पाहून त्यानें फीसाठीं ४०,००० रुपये मागितले. दादांनीं साफ नकार दिला. वहिनी मात्र आपल्या पाटल्या मोडण्यास सिद्ध झाल्या. निवाडा माझ्याकडे आला. असा प्रसंग आज अनेक घरांत येत असेल, म्हणून तो येथें सांगत आहें.

ही विद्या विकत मिळते काय? कांहीं अंशीं मिळते. प्रसंगांची मांडणी कशी करावी, एका पानाचें पडद्यावर सुमारें एक मिनिट होतें, इत्यादि गोष्टी कोणासही थोडक्या दिवसांत शिकतां येतात. त्यासाठीं सिड फील्ड ह्या अमेरिकन लेखकाचें १९७९ सालीं निघालेलें 'स्क्रीनप्ले' हें एक पुस्तक पुरे. परंतु नियम कळणें निराळें आणि लिहितां येणें निराळें. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) लिहिणारे ग. दि. माडगूळकर मॅट्रिकही झाले नव्हते. ही कला त्यांनीं चित्रपटव्यवसायांत काम करतां करतांच आत्मसात केली. सत्यजित राय ह्यांची रीत तर फारच मनोज्ञ. 'पथेर पांचाली' (१९५५) काढण्यापूर्वीं, एखाद्या कादंबरीवर चित्रपट निघणार असें कळलें कीं ते आधीं स्वतः तिची पटकथा लिहीत आणि मग चित्रपट पाहून दोहोंची तुलना करीत.

तोच अभ्यास मीं पुतण्यास दिला. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'तील एक रात्र निवडावी, तिची पटकथा लिहावी आणि मगच आचार्य अत्रे ह्यांचा १९५३ सालचा चित्रपट पाहावा. चौथ्या दिवशीं तो हिरमुसला होऊन आला.

"काका, गोष्टींत आईला वाईट वाटलें एवढें लिहून भागतें. पडद्यावर तिनें करावयाचें काय?"

"हाच तुझा पहिला धडा," मीं म्हटलें, "आणि तो फुकट मिळाला!"

मग पैसा मुळींच खर्चूं नये काय? तसें नाहीं. आपलें लिखाण बारकाईनें वाचून त्यांतील दोष निर्भीडपणें दाखविणारा जाणता गुरु पैशानें मिळत असेल, तर तो अवश्य करावा. घरच्या माणसांकडून तें काम होत नाहीं; वहिनींना मुलाचें प्रत्येक पान गोडच लागणार. म्हणून त्या वर्गास मीं एकच प्रश्न लिहून पाठवावयास लावला : माझें लिखाण कोण वाचणार, व किती वेळां? उत्तर आलें कीं, व्याख्यानें तयार आहेत आणि शेवटीं प्रमाणपत्र मिळेल. लिखाण वाचण्याविषयीं त्यांत अवाक्षर नव्हतें.

पाटल्या वाचल्या. वर्षभरांत एक पटकथा त्यानें शेवटपर्यंत पुरी करावी आणि ती वाचून चर्चा करणाऱ्या शिक्षकाची दक्षिणा दादांनीं द्यावी, असें ठरलें. सव्वीस पानें झालीं आहेत. पैकीं अकरा त्यानें स्वतःच फाडलीं.

वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असा हट्ट निघाल्यास मुलास रागें भरूं नये. त्यानें लिहिलेलीं पानें आधीं मागावींत. फीची गोष्ट मागाहून काढावी.