सातचा भोंगा

पुण्याहून दौंडकडे निघालेली सायंकाळची गाडी यवत, खुटबाव मागे टाकून केडगावला थांबते, तेव्हा उतरणाऱ्या माणसांकडे जरा निरखून पाहावे. कारखान्यात, कचेरीत राबून किंवा महाविद्यालयात शिकून परतलेली ही मंडळी. पूर्वी याच डब्यांतून ठरलेल्या बाकांवर ठरलेली टोळकी बसत. पत्त्यांचा डाव पडे, कोणी अभंग धरी, उसाच्या भावावरून वाद झडत आणि तो वाद फलाटावर उतरल्यावरही चालू राही. आज डबा तितकाच भरलेला असतो, पण शेजारी कोण बसले होते हे सांगता येत नाही. माना खाली आणि अंगठे वरखाली. घरी पोहोचावे तर आई मालिकेत, मुलगा आतल्या खोलीत खेळात, आजोबा ओट्यावर कोणीतरी धाडलेल्या चित्रफितीत. चार माणसे आणि चार पडदे.

या विषयावर बरेच लिहिले जाते आणि बहुतेक वेळा ते नव्या पिढीला बोल लावण्यासाठी असते. करमणूक हेच जणू पाप, असा त्याचा सूर असतो. हा सूर आम्हाला मान्य नाही. ज्या महाराष्ट्रात दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, ज्या पुण्याच्या ‘प्रभात’ने काढलेला ‘संत तुकाराम’ १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, तो महाराष्ट्र करमणुकीला कमी लेखेलच कसा? जत्रेतल्या तंबूत मातीवर बसून सिनेमा पाहिलेली माणसे अजून आपल्यात आहेत. खुद्द केडगावच्या परिसराचे पाहिले, तर एका बाजूला नारायण महाराजांच्या बेटावरील दत्तमंदिर आणि दुसऱ्या बाजूला चौफुल्याची कलाकेंद्रे, असा हा मुलूख आहे. चौफुल्याकडे वळणारी पावले पुरुषांचीच असत आणि घरच्या स्त्रीच्या वाट्याला जात्यावरची ओवी व भोंडला यापलीकडे फारसे काही येत नसे. गतकाळाचे गोडवे गाताना याचेही भान ठेवलेले बरे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे गावोगाव संच आले, ते सुरुवातीला आळीत एखाद-दुसरेच. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हा ज्याच्या घरी संच त्याच्या ओसरीवर रविवारी सकाळी अर्धी आळी जमे. चपलांचा ढीग पडे आणि यजमानीण बाई चहाच्या आधणात पाणी वाढवीत राही. भाग संपला की संच बंद होई आणि लक्ष्मणाचे चुकले की नाही, यावर दुपारपर्यंत चर्चा चाले. शनिवारचा मराठी चित्रपटही असाच दहाजणांत पाहिला जाई. त्या करमणुकीला सुरुवात होती, शेवट होता आणि सोबत होती.

भ्रमणध्वनीने या तिन्ही गोष्टी काढून घेतल्या. सप्टेंबर २०१६ पासून इंटरनेट जवळजवळ फुकटाच्या भावाने मिळू लागले आणि पुढच्या काही वर्षांत घरातल्या प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र पडदा आला. या पडद्यावरचा कार्यक्रम संपतच नाही, कारण तो संपू नये अशीच त्याची रचना आहे. एक चित्रफीत सरते न सरते तोच दुसरी आपोआप सुरू होते. आपण कोठे थबकलो याची नोंद होते आणि पुढचा घास त्या चवीचा येतो. आपण पडद्यासमोर जितका वेळ काढू तितक्या जाहिराती दाखविता येतात, म्हणून आपला वेळ हाच तेथला खरा माल आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने देशाच्या सुरक्षिततेसाठी ‘टिकटॉक’वर बंदी घातली. ती योग्यच होती. पण अ‍ॅप गेले तरी सवय राहिली, आणि काही आठवड्यांत तिला दुसऱ्या अ‍ॅपमध्ये घर मिळाले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्याचेही स्वागतच आहे. मात्र कायदा खिशाला होणारी जखम भरील, संध्याकाळ परत आणून देणार नाही.

मुलांना दोष देण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतील. कोरोनाकाळात शाळा बंद झाल्या तेव्हा हे यंत्र शाळा म्हणून आपणच त्यांच्या हाती दिले. दुसरी गोष्ट शहरातल्या वाचकाला कदाचित सुचणार नाही. शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात दिवेलागणीनंतर मूल अंगणात खेळू लागले की आईच्या काळजात धस्स होते. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड येथे २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत दोन बालके गेली. अशा मुलखात ‘बाहेर जाऊन खेळा’ हा उपदेश कोणी करायचा? मूल घरात थांबते, आणि घरात मोबाइलच असतो.

मग उपाय काय? सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. शेती आणि साखर कारखाना यांवर जगणारे, तीनेक हजार वस्तीचे साधे गाव. १४ ऑगस्ट २०२२ रोजी तेथे महिलांची सभा झाली आणि रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरून भोंगा वाजवायचे ठरले. भोंगा वाजला की सगळ्या गावाने दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद करायचे, ते साडेआठपर्यंत. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, बोलावे. कल्पना निघाली तेव्हा पुरुष मंडळी हसली होती. आपण मालिकांत जास्तच गुंतलो आहोत, हे आधी कबूल केले ते स्त्रियांनी. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक दारोदार फिरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बान्सीच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियाने तर सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास कायद्यानेच मनाई केली आहे.

बान्सीचा हेतू चांगला होता, ऑस्ट्रेलियाचाही आहे. तरी आमचे मत वडगावच्या बाजूने पडते. बंदी फक्त मुलांवर असली की बाप हातातला फोन न सोडता पोराच्या हातातला काढून घेतो, आणि पोराला त्यातून काय शिकायचे ते तो शिकतो. वडगावचा नियम आजोबांनाही लागू आहे. शिवाय तो सगळ्या गावाला एकाच वेळी लागू आहे, याचे महत्त्व फार मोठे आहे. एकट्या घराने संच बंद ठेवला तर मुलाला शिक्षा झाल्यासारखे वाटते. सगळी आळीच बंद असली तर तो शेजाऱ्याकडे जातो.

येथे घरचा आहेर देणेही भाग आहे. कुटुंबाने आठवड्यातून एकदा एकत्र बसावे, भोजन करावे, बोलावे, हे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. पण समाजजागृतीच्या नावाखाली रात्री अकरापर्यंत एका गटातला संदेश दुसऱ्या गटात ढकलणारे कार्यकर्ते आपल्यात किती आहेत, याची मोजदाद ज्याची त्याने करावी. त्यांची मुलेही तेव्हा जागीच असतात.

केडगावसारखे बाजारपेठेचे, स्थानकाचे, बाहेरून येऊन स्थिरावलेल्यांचे मोठे गाव म्हणजे वडगाव नव्हे. एक भोंगा सगळीकडे ऐकू जाणार नाही, आणि ज्याची गाडीच साडेसातला येते त्याला सातची वेळ कशी जमावी? तेव्हा वस्तीवस्तीने, सोसायटीसोसायटीने आठ ते नऊ अशी वेळ ठरवावी लागेल. त्या तासात शाळेची एक खोली उघडी लागेल, तेथे पुस्तके आणि कॅरमबोर्ड लागेल. वस्तीवरच्या मुलांना आणण्या-पोहोचविण्याला बॅटरी घेतलेली दोन मोठी माणसे लागतील. मालिका ही ज्या गृहिणीची दिवसातली एकमेव बैठी विश्रांती आहे, तिची ती विश्रांती काढून घेण्याआधी रात्रीची भांडी कोण घासणार, हेही ठरवावे लागेल. हे सगळे फुकट होणार नाही, पण ग्रामपंचायतीला न पेलण्याजोगेही नाही.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय कोणीतरी मांडावा. पहिला आक्षेप कोणता येईल हे आताच सांगता येते. आयपीएलचे सामने साडेसातला सुरू होतात, त्यांचे काय, असे मागच्या रांगेतून कोणीतरी विचारील आणि हशा पिकेल. वडगावातही पुरुष आधी हसलेच होते.