कुऱ्हाड कोणाची?

रोजच्या वापरातले अवजार चित्रात अवतरले, की आपली समीक्षा तडक हायडेगरकडे धाव घेते. १९३५-३६च्या व्याख्यानांतून आकारलेल्या, कलाकृतीच्या उगमाविषयीच्या निबंधात त्याने व्हॅन गॉगने रंगवलेल्या जोड्यांवरून एका शेतकरी स्त्रीचे अवघे विश्व उभे केले. तीच युक्ती आता भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया कुऱ्हाडीवर आणि सुपावर चालवली जाते. रेखाटनातल्या झिजलेल्या दांड्यातून म्हणे अरण्याचे आदिम सत्य प्रकटते!

मायर शापिरोने १९६८मध्ये विचारलेला प्रश्न अगदी साधा होता : हे जोडे कोणाचे? त्याच्या मते ते शेतकरी स्त्रीचे नव्हतेच. शहरात राहणाऱ्या खुद्द चित्रकाराचे होते. पुढे देरिदाने या दोघांच्याही मालक शोधण्याच्या घाईची खिल्ली उडवली. तिचा आधार घेऊन मालकीचा प्रश्नच निरर्थक ठरवणारे आपल्याकडे कमी नाहीत. पॅरिसमधल्या जोड्यांचा धनी सापडला नाही तरी कोणाचे काही अडत नव्हते, हे मात्र ते विसरतात.

गडचिरोलीत अडते. १९२७च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम ५२ वनगुन्ह्याचा संशय येताच वनोपजाबरोबर अवजारेही जप्त करण्याचा अधिकार देते. ज्या कुऱ्हाडीत समीक्षकाला अस्तित्वाचे अनावरण दिसते, ती वनखात्याच्या लेखी मुद्देमाल ठरू शकते. टोपलीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. वनस्पतिशास्त्राने गवत मानलेला बांबू या कायद्याच्या व्याख्येत २०१७पर्यंत वृक्ष होता. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला; तरीही बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला २०११ उजाडावे लागले. बांबू कोणाचा, हा वाद टोपलीच्या कामटीकामटीत विणलेला आहे. चित्रकाराने तो कसा रेखाटावा, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु 'चित्रबाह्य' म्हणून समीक्षकाने तो झटकावा आणि त्या झटकण्याला कलेची स्वायत्तता म्हणावे, हे मला मान्य नाही.

जप्तीच्या पंचनाम्यात, कुऱ्हाड ज्याच्याकडून घेतली त्याचे नाव आणि गाव तरी नोंदले जाते. प्रदर्शनाच्या सूचीत 'आदिवासी अवजार, कागदावर शाई' एवढ्यावर भागते. सूचीच्या प्रस्तावना आपणच लिहितो. त्या लिहिण्यापूर्वी चित्रकाराला एवढे तरी विचारावे : समोर ठेवलेली कुऱ्हाड कोणाची होती, आणि रेखाटन झाल्यावर ती परत केली का?