गाडी आतून उजळताना

भुसावळच्या उन्हात माणसं करपतात, तशा गाड्याही करपतात. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे गेला की बंद गाडीचा डॅशबोर्ड हाताला चटका देतो. प्लास्टिकला मऊ ठेवणारे घटक उष्णतेने उडून जातात. काचेवर आतून धुरकट थर बसतो तो बराचसा त्यांचाच. मग रंग उडतो, तडे जातात.

आमची जुनी गाडी तेरा वर्षं अंगणात उघड्यावरच उभी होती. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ती विकायचं ठरलं, तेव्हा आतला रंग घरीच नवा करायचं आम्ही मनावर घेतलं. शेजारच्या चाचांनी रेल्वेत रंगकाम केलेलं. ते म्हणाले, "रंग सगळ्यात शेवटी. आधी धुवा."

दाराच्या पट्ट्या आणि एसीच्या जाळ्या सोडवून साबणाच्या पाण्याने धुतल्या. जुन्या पॉलिशमधलं सिलिकॉन जरा जरी राहिलं तरी रंग तिथे धरत नाही, गोल खड्डे पडतात. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलनेही पुसल्या. मग 400 आणि 600 नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर प्लास्टिकचा प्रायमर, आणि शेवटी रंगाचे तीन पातळ हात. रंग मॅटच घेतला, कारण चकचकीत डॅशबोर्डची सावली समोरच्या काचेत पडते. स्प्रे फजरनंतर लगेच मारायचो. दुपारी रंग हवेतच सुकतो आणि खरखरीत बसतो. तोंडाला मास्क होता, मुलं लांब. एअरबॅगच्या झाकणाला मात्र हात लावला नाही. ते ज्या रेषेवर उघडतं ती पुटीने किंवा रंगाने बुजली तर जिवाशी गाठ.

चालकाच्या दाराची पट्टी दोन वर्षांपूर्वीच्या धडकेत तडकली होती. पुटी भरून रंग दिल्यावर तडा दिसेना. मुलगा खूश होऊन म्हणाला, "आता कुणाला कळणार?"

अम्मी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी बाजारातल्या धान्याच्या राशीची गोष्ट सांगितली: नबी ﷺ यांनी राशीत हात घातला तेव्हा आतलं धान्य ओलं लागलं, आणि ते वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विक्रेत्याला विचारलं. मुलगा गप्प झाला. खरं तर आम्हीही त्याच्याच मताचे होतो.

गिऱ्हाईक आलं तेव्हा मुलानेच पट्टीवर बोट ठेवून धडकेची हकीकत सांगितली. त्याने आठ हजार कमी केले. ती रक्कम आम्ही तीन महिन्यांत थोडी थोडी करून फीत भरली.

आता घरात दुसरी जुनी गाडी आली आहे. ती कडुनिंबाखाली उभी असते, डॅशबोर्डवर अम्मींची जुनी सुती ओढणी पसरलेली. रंगापेक्षा हा उपाय स्वस्त पडतो.