पेटी आपली, करवतही आपली



परभणी जिल्ह्यात बचत गटाची पेटी सांभाळायला बाई चालते. पण तशी लाकडी पेटी बनवायला तिच्या हाती करवत दिली जात नाही. सुताराघरची बाई फळी धरते, घासून गुळगुळीत करते, तरी ‘सुतार’ म्हणायचे ते नवऱ्यालाच.

वास्तविक पेटी नवशिक्या हातालाही जमते. समोरासमोरच्या फळ्या सारख्या कापायच्या, कोपरे गुण्याने तपासायचे, दोन्ही कर्ण सारखे भरले की तळ ठोकायचा. यात ताकदीपेक्षा मोजमाप महत्त्वाचे.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत. मात्र लाभ कुटुंबातल्या एकालाच, तोही आधीपासून हा धंदा करणाऱ्याला. नवरा-बायको एकाच कुटुंबात धरल्यावर अर्जावर नाव कोणाचे लागणार, हे सांगायला नको.

आपली मागणी साधी आहे: कारागीर बाईची स्वतंत्र नोंद आणि नव्याने शिकणाऱ्या बायकांसाठी तालुक्याच्या गावी प्रशिक्षण. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते. येत्या ग्रामसभेत हा प्रश्न तिथूनच सुरू करू या.